जावा सर्व्हरवरून ब्राउझरला पान पाठवताना : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, शिरपूर, अमळनेर इकडच्या बीसीए, एमसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंगच्या पोरापोरींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. उदाहरण शक्यतो एकच धरलंय : रावेर-यावलच्या केळीचे रोजचे भाव दाखवणारी एक छोटी साइट, जी शेतकरी शेतात उभं राहून मोबाइलवर मराठीत उघडेल. मराठीत हे मुद्दाम, कारण बहुतेक शिकवण्या 'हॅलो वर्ल्ड' छापून थांबतात आणि आपली खरी अडचण तिथून पुढे सुरू होते, 'केळी' छापायला गेलं की. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिलीत, एडिटरमधे अर्थातच ती जावाच्या स्पेलिंगनेच टाकायची.

प्र. दादा, सर्व्हलेट पान 'पाठवतं' म्हणजे नेमकं काय करतं?

सर्व्हलेट म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा जावाचा क्लास. ब्राउझर सर्व्हरला एक छोटा मजकूर पाठवतो, अमुक पत्त्यावरचं पान द्या म्हणून. टॉमकॅट, म्हणजे सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, तो मजकूर वाचतो, त्यातून एक रिक्वेस्ट ऑब्जेक्ट आणि एक रिकामा रिस्पॉन्स ऑब्जेक्ट बनवतो, पत्ता कोणत्या क्लासला जोडलाय ते बघतो आणि त्या क्लासची डूगेट किंवा डूपोस्ट मेथड बोलावतो. तुम्ही रिस्पॉन्समधे जे लिहाल ते उलट जातं. बस एवढंच. सर्व्हलेटला स्क्रीन माहीत नाही, बटण माहीत नाही, फॉन्ट माहीत नाही, त्याच्या हातून फक्त बाइट्स निघतात.

पण हे बाइट्स एका ठराविक क्रमाने निघतात आणि खालचे निम्मे प्रश्न हा क्रम डोक्यात पक्का नसल्यामुळेच पडतात, म्हणून नीट वाचा. आधी एक स्टेटस ओळ, जिच्यात २००, ३०२, ४०४ असा आकडा असतो. मग हेडर, म्हणजे पान कसलं आहे, कोणत्या एन्कोडिंगमधे (अक्षरं बाइट्समधे लिहायच्या पद्धतीत) आहे, किती वेळ साठवायचं वगैरे. मग एक कोरी ओळ. आणि मग तुमचं एचटीएमएल. हेडर एकदा निघून गेले की त्यात काही बदल करता येत नाही. भुसावळहून गाडी सुटली की डब्यावरची पाटी बदलता येत नाही, तसंच.

प्र. टॉमकॅट आणि सर्व्हलेट एकच का?

नाही. सर्व्हलेट हा नियम आहे, टॉमकॅट तो नियम पाळणारा सर्व्हर आहे, जेटी हा दुसरा तसाच सर्व्हर. सर्व्हलेटचं पहिलं स्पेसिफिकेशन सन कंपनीने १९९७ मधे आणलं, जेएसपी (एचटीएमएलमधेच मधे मधे डेटा टाकून पान बनवायचा प्रकार) १९९९ मधे आलं, आणि त्याच वर्षी सनने आपला कोड अपाचेला दिला, त्यातून टॉमकॅट उभा राहिला. तुमचा कोड नियमाला धरून असला तर सर्व्हर बदलला तरी चालतो.

प्र. भाऊ, पान उघडस पन मराठी अक्षरं दिसतस नही, नुसता प्रश्नचिन्ह दिसतस. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे. पहिलं काम कोडला हात लावायचा नाही, आधी स्क्रीनवर नेमकं काय दिसून राहिलंय ते नीट बघायचं, कारण प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचं कारण वेगळं असतं.

'धुळे' च्या जागी चार साधी प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं सर्व्हरवरच मेली. रिस्पॉन्सला तुम्ही एन्कोडिंग सांगितलं नाही तर सर्व्हलेटच्या नियमाप्रमाणे रायटर (रिस्पॉन्समधे मजकूर लिहिणारा ऑब्जेक्ट) आयएसओ ८८५९-१ हे रोमन अक्षरांचं एन्कोडिंग धरतो, त्यात देवनागरी नाहीच, मग जावा प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होतो. ब्राउझरपर्यंत प्रश्नचिन्हंच पोचतात, त्यामुळे ब्राउझरमधे काहीही सेटिंग बदला, मेटा टॅग (पानातच एन्कोडिंग सांगणारी एचटीएमएलची ओळ) टाका, उपयोग शून्य.

आणि एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं, त्यातलं पहिलं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए, असं दिसलं तर उलट आनंद माना. अक्षरं शाबूत आहेत. यूटीएफ-८ मधे, म्हणजे सगळ्या लिप्या बसतात त्या एन्कोडिंगमधे, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, ब्राउझर ते तीन बाइट्स तीन वेगळी अक्षरं समजून दाखवतोय, एवढाच घोळ. म्हणजे लेबल चुकलंय, माल बरोबर आहे.

दोन्हींवर इलाज एकच : रिस्पॉन्सवर सेटकंटेंटटाइप बोलवायचं आणि त्यात 'टेक्स्ट स्लॅश एचटीएमएल, सेमिकोलन, कॅरसेट बरोबर यूटीएफ-८' असं पूर्ण द्यायचं. आणि हे गेटरायटर बोलवायच्या आधी. नंतर बोलवलं तर एररही येत नाही, एन्कोडिंगचा भाग सर्व्हर गुपचूप सोडून देतो आणि म्हणूनच पोरं 'ओळ तर टाकली आहे की' म्हणत बसतात. ओळ आहे, पण जागा चुकली आहे.

एवढं करूनही प्रश्नचिन्हं येतायत? मग मागे जात जा. मजकूर कोडमधेच लिहिलाय का? जावा १७ पर्यंत कंपायलर विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरायचा, त्यामुळे कंपाइल करतानाच अक्षरं मोडायची, तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं कंपायलरला सांगावं लागतं. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे. मजकूर डेटाबेसमधून येतोय का? मग टेबलचं कॅरसेट बघा, मायएसक्यूएलमधे यूटीएफ८एमबी४ ठेवा. मजकूर प्रॉपर्टीज फाइलमधून येतोय का? जावा ८ रिसोर्स बंडलच्या फाइली आयएसओ ८८५९-१ मधे वाचतो, जावा ९ पासून यूटीएफ-८ मधे.

तपासायला एक सोपी सवय लावा, ब्राउझरमधे एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा आणि कंटेंट टाइप हेडरमधे काय आलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अंदाज बांधण्यात दोन तास घालवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आणि हेडरमधे एक आणि मेटा टॅगमधे दुसरं असेल तर ब्राउझर हेडरचं ऐकतो.

प्र. पान मराठीत बरोबर दिसतं पण फॉर्ममधे गावाचं नाव मराठीत भरलं की कचरा सेव्ह होतो.

ही येणारी बाजू आहे, वर सांगितली ती जाणारी. दोन्ही वेगळ्या सांभाळाव्या लागतात. पोस्टने आलेला फॉर्म वाचण्याआधी रिक्वेस्टवर सेटकॅरॅक्टरएन्कोडिंग यूटीएफ-८ करायचं, आणि 'आधी' म्हणजे खरंच आधी, एकही गेटपॅरामीटर झाला की उशीर झाला. प्रत्येक सर्व्हलेटमधे लिहीत बसू नका, एक फिल्टर (रिक्वेस्ट सर्व्हलेटकडे जायच्या आधी ज्यातून जाते तो क्लास) करा आणि तो सगळ्या फिल्टरच्या पुढे ठेवा, कारण मधेच लॉगिन तपासणाऱ्या फिल्टरने पॅरामीटर वाचला तर तुमची ओळ वाया. सर्व्हलेट ४.० पासून वेब एक्सएमएल या ॲप्लिकेशनच्या सेटिंग फाइलमधेच रिक्वेस्टचं आणि रिस्पॉन्सचं एन्कोडिंग एकेका ओळीत सांगता येतं, टॉमकॅट ९ वर चालतं, मला हा मार्ग जास्त आवडतो. गेटने पत्त्यातून आलेल्या मजकुराला टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे, त्याहून जुना असेल तर सर्व्हर एक्सएमएल या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलमधे कनेक्टरला (पोर्टवर रिक्वेस्ट घेणाऱ्या भागाला) सांगावं लागतं.

प्र. पान अर्ध्यात तुटतं. शेवटच्या ओळी येतच नाहीत.

सेटकंटेंटलेंग्थ लिहिलंय का बघा, आणि त्यात स्ट्रिंगची लेंग्थ दिली आहे का. 'धुळे' दिसायला दोन अक्षरं, जावाची लेंग्थ सांगते ४, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, आणि तारेवरून जातात १२ बाइट्स. तुम्ही ४ सांगितले की सर्व्हर ४ बाइट्स पाठवून दार लावतो, म्हणजे ध पूर्ण आणि उकाराचा एक तुकडा, ब्राउझरला तिथे काळा चौकोन नाहीतर तुटकं चिन्ह दिसतं. इंग्रजी पानावर टेस्ट केलं तर हे कधीच सापडत नाही कारण तिथे एक अक्षर एक बाइट. लांबी सांगायचीच असेल तर बाइट्समधे बदलून मग मोजा. खरं तर सांगूच नका, टॉमकॅट ते स्वतः सांभाळतो.

प्र. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर पानावर टाकला तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. सेटकंटेंटटाइप तर केलंय.

मग जावाचा काही दोष नाही. तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेला असणार. त्या फॉन्टमधे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चित्र मराठी अक्षराचं काढलेलं असतं, फॉन्ट गेला की मराठीही गेलं. आपल्याकडे पत्रिका, नोटिसा, भावफलक अजूनही असेच टाइप होतात. फॉन्ट साइटवर चढवून काम भागवू नका, गुगलला ते सापडणार नाही, मोबाइलवर कॉपी होणार नाही, अंध माणसाचा स्क्रीनरीडर ते इंग्रजी म्हणून वाचेल. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, मग एकदा माणसाने वाचून दुरुस्त करा, जोडाक्षरं हमखास मोडतात.

प्र. 'शेतकरी' शोधलं तर सापडतं, 'शेतकऱ्यांचा' शोधलं तर काहीच येत नाही. डेटा तर समोर दिसतोय!

हा प्रश्न इंग्रजी पुस्तकात मिळणारच नाही. ऱ्या हे अक्षर कीबोर्डप्रमाणे तीन प्रकारे टाइप होतं. एक, स्वतंत्र ऱ असलेलं. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडणी चिन्ह. दिसायला तिन्ही सारखे, बाइट्स वेगळे, त्यामुळे दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का ते बघणारा इक्वल्स म्हणतो 'नाही'. जावाचा नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारा क्लास) एनएफसी प्रकाराने चालवला की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः रिप्लेस करून घ्यावा लागतो. सेव्ह करताना एकदा आणि शोधताना एकदा, दोन्हीकडे करा. टेस्टिंगला 'शेतकऱ्यांचा ॲप' अशी स्ट्रिंग कायम हाताशी ठेवा. ऱ बरोबर त्यात ॲ पण आहे, जो युनिकोडमधे ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला, जुन्या मोबाइलच्या फॉन्टमधे तो कधी कधी रिकामा चौकोन दिसतो.

प्र. ब्राउझरमधे पान न दिसता एचटीएमएलचे टॅगच दिसतात.

कंटेंट टाइप टेक्स्ट स्लॅश प्लेन गेलंय. एचटीएमएल करा.

प्र. ४०४ येतोय. क्लास आहे, मॅपिंग आहे, तरी ४०४.

पत्ता मोठ्याने वाचा : लोकलहोस्ट, मग ८०८०, मग ॲप्लिकेशनचं नाव, मग मॅपिंग, म्हणजे तुम्ही क्लासला जोडलेला पत्ता. मधलं ॲप्लिकेशनचं नाव विसरणं हे पहिलं कारण. वेबॲप्स फोल्डरमधे टाकलेल्या वॉर फाइलचं (पूर्ण ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्याचं) जे नाव तेच पत्त्यात येतं, नाव रूट ठेवलं तरच ते गळतं. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक पडतो. मॅपिंग स्लॅशने (किंवा चांदणी-टिंबाने) सुरू झालं नाही तर सर्व्हलेटच काय, पूर्ण ॲप्लिकेशन सुरूच होत नाही आणि मग त्याची सगळी पानं ४०४ देतात, तेव्हा लॉग्ज फोल्डर उघडून बघा, कारण तिथे लिहिलेलं असतं.

पण हल्ली सगळ्यात जास्त जे दिसतं ते वेगळंच. ओरॅकलने एंटरप्राइज जावा २०१७ मधे एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, आणि २०२० मधे जकार्ता ईई ९ आलं तेव्हा सगळ्या पॅकेजचं नाव जावाएक्स वरून जकार्ता झालं. टॉमकॅट ९ ला जावाएक्स कळतं, टॉमकॅट १० आणि पुढच्यांना जकार्ता. कॉलेजच्या नोट्स आणि यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ जावाएक्सचे, आणि डाउनलोड करताना मिळतो नवीन टॉमकॅट. मग काय होतं, वेबसर्व्हलेट ॲनोटेशन (क्लासच्या डोक्यावर मॅपिंग सांगणारी ओळ) जुन्या पॅकेजचं असल्यामुळे नवा टॉमकॅट त्याच्याकडे बघतच नाही, एरर नाही, इशारा नाही, सरळ ४०४. पोरं रात्र रात्र मॅपिंग बदलत बसतात. इम्पोर्टची ओळ बघा, टॉमकॅटचा आकडा बघा, दोन्ही जुळले पाहिजेत. आणि जावाचाही जुळला पाहिजे : टॉमकॅट ९ ला जावा ८ चालतो, १०.१ ला ११ लागतो, ११ ला १७.

प्र. आणि ४०५?

पत्ता बरोबर, मेथड चुकली. ॲड्रेसबारमधे पत्ता टाकून एंटर मारलं की ती गेट रिक्वेस्ट असते, आणि तुम्ही फक्त डूपोस्ट लिहिलंय.

प्र. 'रिस्पॉन्स आधीच कमिट झालाय' अशी इल्लीगल स्टेट एक्सेप्शन येते. कधी येते, कधी येत नाही.

'कधी येते कधी नाही' यातच उत्तर आहे. तुम्ही लिहिलेलं एचटीएमएल लगेच जात नाही, आधी बफरमधे साठतं. टॉमकॅटमधे तो बफर ८१९२ बाइट्सचा, जेएसपीचा कमीत कमी ८ केबी. बफर भरला की पहिले हेडर निघतात आणि मागोमाग मजकूर, यालाच कमिट म्हणतात. त्याच्या आत सेंडरीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी मेथड) केलं तर चालतं, नंतर केलं की एक्सेप्शन. म्हणून यादी छोटी असताना चालणारं पान यादी वाढली की पडतं. आणि मराठीत हे लवकर होतं! ८१९२ बाइट्समधे इंग्रजीची आठ हजारांवर अक्षरं बसतात, देवनागरीची काना-मात्रा धरून साधारण २७०० चिन्हं. त्यामुळे इंग्रजी डमी डेटावर पास झालेला प्रोजेक्ट खऱ्या मराठी डेटावर, नेमका एक्स्टर्नल परीक्षकासमोर पडतो.

बफर वाढवून प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. ठरवायचं ते सगळं आधी ठरवा, लॉगिन आहे का, डेटा मिळाला का, कुठे पाठवायचं का, आणि सगळं पक्कं झाल्यावर पहिलं अक्षर लिहा. आणि सेंडरीडायरेक्टच्या खाली रिटर्न लिहा, ती मेथड तिथेच थांबत नाही, खालचा कोड चालतच राहतो. लॉगिन नसलेल्या माणसाला बाहेर पाठवलं पण खालची डिलीट क्वेरी चालली, असं यातूनच होतं.

प्र. फॉरवर्ड आणि रीडायरेक्ट, कधी काय वापरू?

फॉरवर्ड सर्व्हरच्या आतल्या आत होतो, ब्राउझरला पत्ताही लागत नाही, ॲड्रेसबार तसाच राहतो. रीडायरेक्टमधे सर्व्हर ३०२ देऊन ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर जायला सांगतो, ब्राउझर नवीन रिक्वेस्ट करतो, त्यामुळे रिक्वेस्टमधे ठेवलेले ॲट्रिब्यूट गळून पडतात. नुसतं पान दाखवायचं तर फॉरवर्ड. काही सेव्ह केलं, डिलीट केलं, तर नंतर नेहमी रीडायरेक्ट. नाहीतर नेट अडकलं म्हणून माणूस रिफ्रेश दाबतो आणि तोच भाव, तीच नोंद दोनदा पडते. आपल्याकडे नेट अडकतंच.

प्र. सरांनी आउट डॉट प्रिंटलएन ने पूर्ण पान छापायला शिकवलं. जेएसपी कशाला?

सरांनी बरोबर शिकवलं, सुरुवातीला तेच करावं, पान म्हणजे बाइट्स हे हाताला कळतं. पण पन्नास ओळींच्या पुढे अवतरणचिन्हं सांभाळण्यातच जीव जातो. जेएसपी म्हणजे उलटा मामला, एचटीएमएल लिहायचं आणि मधे मधे डेटा टाकायचा. टॉमकॅट पहिल्यांदा पान मागितलं की जेएसपीचं सर्व्हलेट बनवतो आणि कंपाइल करतो, म्हणून पहिली वेळ हळू. वर्क फोल्डरमधे तो तयार झालेला जावा कोड पडलेला असतो, एकदा उघडून वाचाच, तुमच्या एचटीएमएलच्या ओळी त्यात आउट डॉट राइट होऊन बसलेल्या दिसतील, आणि मग जेएसपीची भीती कायमची जाते.

मात्र जेएसपीत जावा कोड, क्वेरी, कनेक्शन काही लिहू नका. सर्व्हलेटने डेटा आणायचा, रिक्वेस्टमधे ठेवायचा, जेएसपीकडे फॉरवर्ड करायचं. जेएसपी वेब-इन्फ फोल्डरच्या आत ठेवा, तिथलं काही ब्राउझरला थेट उघडता येत नाही, म्हणजे डेटा न आणता कोणी नुसतं पान उघडू शकत नाही. आणि जेएसपीच्या डोक्यावर पेजएन्कोडिंग यूटीएफ-८, प्रत्येक फाइलवर, इन्क्लूड केलेल्या फाइलवरसुद्धा.

प्र. एकाच वेळी दोघांनी उघडलं की एकाचं नाव दुसऱ्याला दिसतं!

हे फार गंभीर आहे, हसण्यावारी नेऊ नका. टॉमकॅट तुमच्या सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) त्याच ऑब्जेक्टमधून जातात, डिफॉल्ट २०० थ्रेडपर्यंत. तुम्ही 'नाव' हे व्हेरिएबल क्लासच्या वरच्या बाजूला ठेवलं असेल तर ते सगळ्यांचं मिळून एकच. यावलच्या माणसाचं नाव त्यात पडलं, पान छापायच्या आत चोपड्याच्या माणसाचं पडलं, आणि यावलवाल्याला चोपड्याचं पान गेलं. लॅबमधे एकटा माणूस टेस्ट करतो म्हणून हे कधी दिसतच नाही. भावाच्या साइटवर चाललं एकवेळ, निकालाच्या किंवा पतसंस्थेच्या पानावर असं झालं तर कोणाचं तरी नुकसान आहे. रिक्वेस्टचं जे आहे ते मेथडच्या आत ठेवा. सिंपलडेटफॉरमॅटपण क्लासवर ठेवू नका, तो थ्रेडसेफ नाही, म्हणजे दोन थ्रेडनी एकदम वापरला तर घोळ होतो, डेटटाइमफॉरमॅटर वापरा.

प्र. पेज लॉगिन विसरतं.

सर्व्हर एका रिक्वेस्टनंतर तुम्हाला ओळखत नाही, ओळख जेसेशनआयडी नावाच्या कुकीवर (ब्राउझरने जपून ठेवलेल्या छोट्या खुणेवर) चालते. टॉमकॅटमधे ३० मिनिटं काही हालचाल नसली की सेशन, म्हणजे ही ओळख, संपतं. आणि एकदा लोकलहोस्टवरून, एकदा १२७.०.०.१ वरून उघडत असाल तर ब्राउझरसाठी ते दोन वेगळे पत्ते, कुकीही वेगळी.

प्र. भाव बदलला तरी लोकांना कालचाच दिसतो. आणि लॉगआउट करून बॅक दाबलं की आतलं पान दिसतं.

दोन्हीकडे ब्राउझरने साठवलेलं पान दिसतंय. कॅश कंट्रोल हेडर तुम्ही दिलं नाही तर ब्राउझर आपल्या मनाने ठरवतो. लॉगिनच्या आतल्या पानांना नो-स्टोअर द्या, म्हणजे साठवायचंच नाही. भावाच्या पानाला मॅक्स-एज ३०० सेकंद वगैरे पुरे. चित्रं, सीएसएस यांना मात्र मोकळ्या हाताने मोठी मुदत द्या, शेतकऱ्याचा डेटा वाचतो. हे पण हेडरच, म्हणजे पहिल्या अक्षराच्या आधी.

प्र. १,२५,००० च्या जागी १२५,००० छापलं जातं. आणि तारीख एक दिवस मागे येते.

जावाच्या डेसिमलफॉरमॅटमधे गट एकाच मापाचे पडतात, आपले आधी तीन मग दोन-दोन त्याला जमत नाहीत, लोकेल मराठी दिलं तरी. आयसीयू-फोर-जे ही लायब्ररी घ्या, ती लाख-कोटी बरोबर पाडते आणि आकडे देवनागरीत देते. तारखेचं कारण बहुधा सर्व्हर परदेशातला आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत पान उघडणाऱ्याला कालची तारीख दिसते, आणि बाजारासाठी निघणारा माणूस नेमका तेव्हाच बघतो. झोनआयडी एशिया-कोलकाता कोडमधे स्पष्ट लिहा.

प्र. कोणीतरी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग भरला आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर पॉपअप येऊन राहिला.

नशीब समजा नुसता पॉपअप आला, तसल्याच टॅगने सेशनची कुकीही चोरता येते. बाहेरून आलेला कुठलाही मजकूर पानावर टाकताना एस्केप झालाच पाहिजे, म्हणजे ब्राउझरने त्यातली चिन्हं टॅग न समजता नुसती अक्षरं म्हणून दाखवली पाहिजेत. जेएसपीत नुसता डॉलर-कंस लिहिला तर एस्केप होत नाही, सी-आउट टॅग वापरा. सर्व्हलेटमधून छापत असाल तर लहान-मोठेची दोन चिन्हं, अँपरसँड आणि दोन्ही प्रकारची अवतरणं, या पाचांची अदलाबदल करावी लागते. यात तडजोड नाही.

प्र. पावतीची पीडीएफ द्यायची आहे, फाइलचं नाव मराठीत हवं.

कंटेंट टाइप ॲप्लिकेशन स्लॅश पीडीएफ करा आणि गेटरायटर नाही तर गेटआउटपुटस्ट्रीम वापरा. दोन्ही एकाच रिस्पॉन्सवर बोलवले तर एक्सेप्शन, म्हणून जेएसपीतून पीडीएफ द्यायच्या फंदात पडू नका, तिथे रायटर आधीच धरलेला असतो. नावासाठी कंटेंट डिस्पोझिशन हेडरमधे फाइलनेमच्या पुढे चांदणी असलेला प्रकार असतो, त्यात यूटीएफ-८ लिहून पुढे नाव पर्सेंट एन्कोड करून द्यायचं. यूआरएलएन्कोडर स्पेसचं अधिकचिन्ह करतो, ते टक्का वीस करून घ्या, नाहीतर 'केळी+पावती' अशी फाइल उतरते.

प्र. लॅपटॉपवर चालतं, मोबाइलवर लोकलहोस्ट टाकलं तर उघडत नाही.

मोबाइलवर लोकलहोस्ट म्हणजे तो मोबाइलच. दोन्ही एका वायफायवर ठेवा, लॅपटॉपचा आयपी टाका, पुढे ८०८०, आणि विंडोजच्या फायरवॉलमधे जावाला परवानगी द्या.

प्र. टॉमकॅट सुरूच होत नाही, पोर्ट वापरात आहे म्हणतो.

आधीचाच टॉमकॅट मागे चालू असेल, नाहीतर लॅबच्या मशीनवर जुनं ओरॅकल एक्सप्रेस एडिशन असेल, तेही ८०८० धरतं. सर्व्हर एक्सएमएलमधे ८०८१ करा.

प्र. पुण्यात इंटरव्ह्यूला सगळे स्प्रिंग बूट विचारतात, मग सर्व्हलेट कशाला शिकू?

स्प्रिंग बूट, म्हणजे जावाच्या वेबसाइटसाठीचं तयार फ्रेमवर्क, शिकाच. पण त्याच्या पोटात टॉमकॅटच बसलेला असतो आणि तुमची प्रत्येक रिक्वेस्ट एका सर्व्हलेटमधूनच आत जाते. वरचे थ्रेडचे, कमिटचे, कॅशचे, एस्केपचे प्रश्न तिथेही तसेच आहेत, फक्त एन्कोडिंगसारख्या काही गोष्टी त्याने आधीच नीट लावून दिल्यात आणि त्याच्यासोबत पान बनवायला वापरतात ते थायमलीफ टेम्प्लेट डिफॉल्टने एस्केप करतं. बूट ३ ला जावा १७ आणि जकार्ता लागतं. जेव्हा काही बिघडतं तेव्हा खाली काय चाललंय हे माहीत असलेला माणूस ते शोधतो, आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

प्र. अहिराणीत पान करायचं तर वेगळं काही लागतं का?

एन्कोडिंगचं काही वेगळं नाही, तीच देवनागरी. एचटीएमएल टॅगवर लँग ॲट्रिब्यूटमधे मराठीसाठी एमआर लिहितो, अहिराणीला स्वतःचा आयएसओ कोड आहे, एएचआर, तो लिहा. कराच असं पान, आपल्या बोलीतला मजकूर नेटवर फार कमी आहे.

प्र. धडगाव, अक्कलकुव्याकडे पान उघडायला फार वेळ लागतो. सर्व्हर मोठा घेऊ का?

सर्व्हर घेण्याआधी पान किती केबीचं आहे ते बघा. टॉमकॅटमधे जीझिप (पान दाबून लहान करून पाठवणं) बंद असतं, कनेक्टरवर कॉम्प्रेशन ऑन करा, २०४८ बाइट्सच्या वरचं तो आपोआप दाबून पाठवतो. देवनागरी मजकूर तीन बाइट्सचा असला तरी पहिले बाइट्स तेच तेच असल्यामुळे तो खूप दाबला जातो, म्हणजे मराठी पान जड असतं ही तक्रार निम्म्याहून अधिक इथेच मिटते. मग चित्रं : केळीच्या घडाचा कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो तसाच चढवलेला असतो, तो सातपुड्यातल्या नेटवर उतरणार कसा, छोटा करून चढवा. आणि पूर्ण वर्षाचे भाव एकाच टेबलात देऊ नका, आजचे आणि आठवड्याचे द्या, बाकी मागेल त्याला. हे सगळं करून झाल्यावरही हळूच असेल, तर मग क्वेरी आणि सर्व्हरकडे वळा.